जोडायची राहिलेली निळी तार

सोमवार, ४

आज सकाळी गॅरेजच्या दाराने माझा अपमान केला. त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून ही वही उघडली आहे. बटण दाबलं की दार गंभीरपणे खाली येतं, जमीन वीतभर राहिली की थांबतं आणि काहीतरी विसरल्यासारखं परत वर जातं. वर पोचलं की त्याचा दिवा दहा वेळा मिचकतो. सव्वीस वर्षं मी कॉलेजात संस्कृत शिकवतो आहे. पाठ वळल्यावर वाकुल्या दाखवणारे पुष्कळ पाहिले. तोंडावर, मोजून दहा वेळा, असं करण्याची कोणाची छाती झालेली नाही.

बायको म्हणाली, "दुरुस्तीवाल्याला बोलवू या."

"मग मी कशाला आहे?"

"तुम्ही विद्वान आहात," ती म्हणाली. आमच्या घरात हा शब्द कौतुकाने वापरत नाहीत.

तिची घाई खरी आहे. इस्पितळाच्या लॅबमध्ये तिची सहाची पाळी. साडेपाचला गाडी काढावी लागते आणि दार उघडं टाकून जाता येत नाही. गाडी आता ती एकटीच चालवते. मला येत नाही. सासऱ्यांना येते, पण बंदी आहे.

सासरे म्हणजे मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही. तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्मं गाव त्यांच्या शिव्या खाऊन गाडी शिकलं, त्यात त्यांची लेकही. मलाही त्यांनी चार दिवस शिकवलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "जावईबापू, चालणं तब्येतीला फार चांगलं." आमची गाडी ही त्यांच्या शाळेचीच शेवटची गाडी.

चार महिन्यांपूर्वी सिग्नलला उभे असताना त्यांना स्टिअरिंगवरच चक्कर आली. मधली दोन मिनिटं त्यांना आठवत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. त्या काळात पुन्हा चक्कर आली तर कायमचं बंद. एक किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते. दुसरी माझ्या टेबलाच्या खणात, कोशाच्या दुसऱ्या खंडाखाली. त्या खंडाला गेल्या दहा वर्षांत या घरात कोणी हात लावलेला नाही, मी धरून.

बुधवार, ६

दार बंद होतं! दुरुस्ती मी केली!

दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक काचेचा डोळा आहे. एक डोळा किरण सोडतो, दुसरा तो झेलतो. मध्ये कोणी आलं तर दार माघार घेतं, म्हणजे कोणी खाली चिरडत नाही. उजव्या डोळ्याची पट्टी आत वाकली होती, त्यामुळे दोघांची नजरानजरच होत नव्हती. पकडीने पट्टी सरळ केली आणि लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. संसारात अशा दुरुस्त्या इतक्या सहज होत नाहीत.

पट्टी वाकली कशी? काहीतरी जड आपटलं असणार. शेजारचं मांजर बरंच पोसलेलं आहे.

"मांजरच," मास्तर म्हणाले. मी अजून प्रश्न पुरा केला नव्हता.

शनिवार, ९

आनंद तीन दिवस टिकला. आज मोटर फिरते, घरघरते, आणि दार जागचं हलत नाही.

शेजारचा वायरमन कुंपणावरून बघत होता. माझ्याच वयाचा आहे आणि मला पंडित म्हणतो. त्यातही कौतुक नसतं.

"पंडित, वरती ती जाड स्प्रिंग दिसते ना? दाराचं सगळं वजन तिने पेललंय. तिला हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि तूही कोणाशी बोलायच्या परिस्थितीत राहणार नाहीस."

स्प्रिंगला लांबूनच नमस्कार केला. मोटरची पेटी मात्र उघडली. आत प्लास्टिकचं एक दातेरी चाक आहे, त्याचे दात झिजलेले. रोगाचं मूळ सापडलं! नवं चाक मागवलं आहे. तोवर दार हाताने उचलायचं. पहाटे बायकोने उचललं, मी पाठीमागून उत्तेजन दिलं.

मंगळवार, १२

आज नवं चाक बसवलं. तीन तास लागले. नखांत ग्रीस गेलं आहे आणि ते मी मुद्दाम धुतलेलं नाही, उद्या वर्गात दिसलं पाहिजे. सगळे स्क्रू परत गेले, एकही उरला नाही. हे लिहिताना मान आपोआप ताठ होते.

बटण दाबलं. मोटर फिरली. दार ढिम्म.

वायरमनला हाक मारावी लागली. तो आला, पेटीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. वर रुळाकडे बघून म्हणाला, "ही लाल दोरी कोणी ओढली?"

ती दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. वीज गेली तर हाताने उघडता यावं म्हणून तशी सोय आहे. म्हणजे मोटर इतके दिवस एकटीच फिरत होती, आणि मी तिचं पोट फाडून बसलो होतो.

"पण वीज गेलीच नव्हती," मी म्हणालो.

"मग दोरी स्वतःहून खाली आली असेल. तुझ्याकडची पुस्तकं वाचून वैराग्य आलं असेल तिला."

मास्तर खुर्चीवर बसून हे ऐकत होते. त्यांना एकदम गोळी घ्यायची आठवण झाली आणि ते आत गेले.

वायरमनने जुनं चाक बोटांत फिरवून पाहिलं. "हे महिनाभरही टिकलं नसतं. काम स्वच्छ केलंयस, पंडित." हा माणूस स्वतःच्या कामालासुद्धा बरं म्हणत नाही. त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे.

शुक्रवार, १५

थंडी वाढली आहे. जुनं इंजिन तीन-चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. काच आतून धुरकटते आणि बायको ती बाहीने पुसत बसते. तिचं काम रक्त काढण्याचं. काल म्हणाली, "पहिले चार पेशंट माझ्या गार हातांनीच दचकतात. सुई तर पुढची गोष्ट."

दार उघडायला रिमोट असतो, तसा इंजिन सुरू करायलाही मिळतो. घरात उभं राहून बटण दाबायचं. गाडी आपली आपण सुरू होते, इंजिन तापतं, काच साफ होते. पेटी मागवली आहे. पत्रकात लाल चौकटीत दोन आज्ञा आहेत. पहिली, गॅरेजचं दार आधी पूर्ण उघडायचं, कारण कोंडलेला धूर माणूस मारतो. दुसरी, गाडी उभी करताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा, नाहीतर इंजिन सुरू होताच ती उडी मारेल.

दुसरी आज्ञा वाचून दाखवल्यावर मास्तर खवळले.

"न्यूट्रलमध्ये? गाडी उभी केली की पहिल्या गिअरमध्ये टाकायची! नुसत्या हँडब्रेकवर गाडी सोडणाऱ्याला मी नापास करायचो."

"बाबा, तुम्ही मलासुद्धा केलं होतंत," बायको म्हणाली.

"दोनदा केलं. म्हणून आज चांगली चालवतेस."

शेवटी मी एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगच्या मागे चिकटवली: न्यूट्रल, हँडब्रेक. अक्षर मोठं, वळणदार. बायकोचा हात वीस वर्षांच्या सवयीने पहिल्या गिअरकडे जातो, तो ती चिठ्ठी वाचून मागे घेते. मास्तरांनी चिठ्ठीकडे बराच वेळ पाहिलं. शुद्धलेखन तपासत असावेत.

रविवार, १७

आजचा दिवस मोठा आहे, सावकाश लिहितो.

सकाळी आठला मी स्टिअरिंगखाली उताणा शिरलो, पाय बाहेर. मास्तर टॉर्च धरून शेजारच्या सीटवर. अकरा तारा. पत्रकातल्या चित्राप्रमाणे त्या पाच मिनिटांत ओळखू येतात. प्रत्यक्षात सगळ्यांवर एकाच रंगाची धूळ असते. पण मास्तरांना या गाडीची शीर न् शीर पाठ आहे.

"ती नको. ती दिव्याची. तिच्या मागची, जाड, पिवळी. हां, हीच. जपून सोला, जावईबापू, कांदा नाही तो."

चार दिवसांत मला हाकलणारा हा माणूस आज पाच तास माझ्यासाठी टॉर्च धरून बसला. त्यांचा हात एकदाही हलला नाही. चार महिन्यांत त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

अकरावी तार निळी. ती गाडीच्या दाराच्या स्विचला जोडायची असते. गाडी रिमोटने बंद करून ठेवल्यानंतर मध्येच कोणी दार उघडलं, तर पेटी सुरू व्हायला नकार देते. ही तार तीन बोटं कमी पडली. तिचं काम फक्त चहाडी करायचं. आणि आमच्याकडे त्या गाडीचं दार उघडणारी व्यक्ती एकच. टोकाला टेप गुंडाळला आणि तार आत सारून दिली.

"ती राहिली," मास्तर म्हणाले.

"तिची गरज नाही."

"नाही ना?" ते म्हणाले, आणि टॉर्च बंद केला.

एक वाजता बायकोला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. गॅरेजचं दार पूर्ण वर गेलं. मी बटण दाबलं. रिकाम्या गाडीत काटे हलले, दिवे लागले, आणि इंजिन पहिल्या हाकेला उठलं. कोणी आत बसलेलं नव्हतं, आणि गाडी सुरू होती! बायकोने टाळ्या वाजवल्या. विद्वान म्हणाली नाही. मास्तर खिशात हात घालून इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "तीस वर्षांत एवढे शिकवले. किल्लीशिवाय गाडी उठवणारा हा पहिलाच."

मी तोंड फिरवून ग्रीस पुसत राहिलो.

मंगळवार, १९

बायको: "सीट पुढे का ओढलीत? गुडघे आपटले माझे. आरसासुद्धा खाली वळवलाय."

परवा खाली शिरताना धक्का लागला असेल, म्हणून माफी मागितली. मागाहून आठवलं, काल ती याच सीटवर बसून जाऊन आली आणि काही बोलली नव्हती. दमलेली असेल. मास्तर उंचीने कमी आहेत, त्यांना बिचाऱ्यांना हे प्रश्न आता पडत नाहीत.

गुरुवार, २१

चार दिवस, चार सकाळी, गाडी एका बटणात. बायकोने आज दुपारी घरी पोचताच फोन करून सांगितलं, "पहिल्या आजींनी हात मागे घेतला नाही. उलट म्हणाल्या, किती ऊबदार हात आहेत गं तुझे." एवढ्याचसाठी मी पाच तास उताणा होतो. पुन्हा होईन.

संध्याकाळी कॉलेजातून आलो तर मास्तर गॅरेजमध्ये एका पालथ्या डब्यावर बसलेले. अंगात कोट, एवढ्या थंडीत कपाळावर घाम. पाणी दिलं. अर्धं सांडलं.

"इथे काय करताय?"

"बसलो होतो जरा."

गाडीच्या सोबतीशिवाय त्यांना करमत नाही, मी समजू शकतो. मीही सुट्टीत कधीकधी रिकाम्या वर्गात जाऊन बसतो.

शुक्रवार, २२

हातून अघटित घडलं. क्रमाने लिहितो.

सकाळी सव्वापाचला मी दाराचं बटण दाबलं. पूर्ण वर जायला दाराला चौदा सेकंद लागतात. मी सात सेकंदांनी दुसरं बटण दाबलं. चार दिवसांत मला घाई करण्याइतका आत्मविश्वास आला होता. मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे गाडी नेहमी तोंड बाहेर करून उभी असते. इंजिन उठलं, गाडीने हँडब्रेकला न जुमानता उडी मारली, अर्धवट वर गेलेल्या दाराला धडकली आणि बंद पडली. दाराची खालची फळी मधून बाहेर वाकली. आवाज असा झाला की वायरमन स्वेटर उलटा घालून धावत आला.

समोर कोणी नव्हतं. बायको पायरीवर होती, हातात कप. दोन मिनिटांनी ती गाडीसमोरूनच जाणार होती.

वायरमनने गाडीत हात घालून दांडा हलवला. "पंडित, पहिल्या गिअरमध्ये आहे."

बायकोचा चेहरा उतरला. "मीच ठेवली असणार. काल डोळे मिटत होते माझे. हात सवयीने गेला असेल."

वायरमनने मग स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि निळी तार बाहेर ओढली. "आणि ही?"

"लांबीला कमी पडली."

"तर जोड द्यायचा! ही जोडली असती तर पेटीने गाडी सुरूच केली नसती."

त्याने बायकोला आपल्या गाडीतून इस्पितळात सोडलं. मी फळीकडे बघत उभा राहिलो. मास्तर खिडकीत होते. बाहेर आले नाहीत.

शनिवार, २३

आधी चांगली बातमी. वायरमनने आणि मी फळीच्या मागे लाकडी ठोकळा धरून, ठोकून ठोकून ती सरळ केली. जवळून पाहिलं तर पोच दिसतो, लांबून नाही, आणि पाहुण्यांना मी लांबच उभं करणार आहे. निळ्या तारेला जोड दिला. मुद्दाम गाडीचं दार उघडून, लावून पाहिलं. बटण दाबलं तर पेटीने तीनदा टिकटिक करून साफ नकार दिला. एवढा सुंदर नकार मी ऐकलेला नाही.

आता कालच्या जेवणाचं.

बायको ताटात बोटं फिरवत होती. "काढून टाका ती पेटी. माझा हात विसरतो. उद्या कोणी समोर असलं तर? माझ्यावरचा माझाच विश्वास उडालाय."

मी म्हणालो, चूक माझी, तार मी सोडली. ती म्हणाली, गिअर तर मी टाकला. आम्ही दोघं एकाच चुकीसाठी भांडत होतो आणि दोघांनाही ती आपल्याकडेच हवी होती.

मास्तरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तू नाही टाकलास. मी टाकला."

बायकोची बोटं ताटात थांबली.

"तीन आठवडे झाले. दुपारी तू झोपतेस, हे कॉलेजात असतात. तेव्हा काढायचो. मैदानापर्यंत जायचो, वळवून परत. मोटरचा आवाज तुझ्या खोलीत येतो, म्हणून दोरी ओढून दार हाताने उचलायचो. एकदा ते परत मोटरला अडकवायचं राहिलं. चिठ्ठी लावल्यापासून न्यूट्रलमध्येच ठेवत होतो. गुरुवारी हात आपोआप गेला."

"आणि त्या डोळ्याची पट्टी?" मी विचारलं.

"मागे घेताना चाक लागलं. मांजर निर्दोष आहे."

कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. शाळेच्या वेळची, तिसरी. तिच्याबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं. माझ्या कोशाची विटंबना झाली नव्हती, एवढं समाधान.

बायकोने ताट बाजूला सारलं. "बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? रस्त्यात काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं. तू बोल मला काय बोलायचं ते. पण सवयीचं नको बोलूस. माझ्या विद्यार्थिनीने नियम पाळला होता. तिच्या नावावर मी चूक लागू देणार नाही."

ती उठली. मला वाटलं, आता भडका. ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. मग म्हणाली, "जेवा. गार होतंय."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजलेल्या माणसाने लेकीसमोर आपली चूक मोजून दाखवली. मला कोणी हे करायला सांगितलं असतं तर मी आधी एक तास प्रस्तावना केली असती. मला त्यांचा अभिमान वाटतो. बायकोचाही वाटतो. स्वतःचा थोडा, जोड दिलेल्या तारेपुरता.

रविवार, २४

दार उत्तम चालतं. चौदा सेकंद पूर्ण थांबतो. वायरमनने आज त्याच्या मेव्हण्याला आमचं गॅरेज दाखवायला आणलं आणि "याने स्वतः केलं" असं माझ्यासमोर म्हणाला.

दुपारी मास्तरांशेजारी बसलो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "दोनच महिने राहिले. मग डॉक्टर सोडतील आणि तुमची किल्ली तुम्हाला परत."

ते म्हणाले, "बघू."

हा माणूस सिग्नलच्या रंगावरूनही भांडतो. किल्ली मात्र वाद न घालता दिली. कुठे ठेवली तेही विचारलं नाही. परत घेऊ देणार का, हेही नाही. काल मला त्यात मोठेपणा दिसला. तो आहेच. पण आज दिवसभर एकच गोष्ट मनातून जात नाही. चिठ्ठी लावल्यापासून ते प्रत्येक वेळी ती पाळत होते. मग त्याच एका दुपारी हात आपोआप का गेला? त्या दुपारी ते डब्यावर बसलेले मी पाहिले, पाणी दिलं, आणि आत येऊन त्यावर चार शहाणपणाच्या ओळी लिहिल्या.

मला वाटतं, गुरुवारी गाडी चालवताना त्यांना पुन्हा चक्कर आली. बायकोशी मी हे अजून बोललेलो नाही. उद्या ती कामावर गेली की त्यांच्यासमोर बसून सरळ विचारणार आहे. विचारलं तर ते खोटं बोलणार नाहीत. म्हणूनच मला विचारायची भीती वाटते.